न घासलेली कड

साकी विहार रोड, गाळा दोनशे चौदा.
खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी कापणारं मशीन
रात्री नऊला थांबतं,
मग आमचं सुरू होतं.
आधी लावलं तर त्याचा प्रत्येक दणका
आमच्या आलेखात दात काढून दिसतो.

तबकडीवर कार्बनचा थर, तीन नॅनोमीटर.
आकडा सांगितला की लोक मान डोलावतात
आणि डोळ्यांपुढे काहीच येत नाही, माझ्याही.
एवढंच ठाऊक, की बोट लावलं
तर बोटाचं तेल त्याच्याहून जाड बसतं.
म्हणून हातमोजे, म्हणून चिमटा,
म्हणून उकिडवे शिंकला की त्याला दहा मिनिटं बाहेर.

दोन मिलिमीटरची पोलादी गोळी,
वर पाच ग्रॅमचं वजन,
आणि खाली तबकडी फिरते
एकाच वाटेने, एकाच वाटेने.
पहिले काहीशे फेरे कुरबुर असते,
मग घर्षण उतरतं.
थर स्वतःतलं थोडं गोळीला लावून देतो,
पुढे कार्बनवर कार्बन.
(चंदनाचं नाव काढू नका,
इथे कसलाच वास येत नाही.)

बाराच्या सुमारास कोणीतरी दार उघडं ठेवलं,
पवई तलावाची ओल आत आली,
रेघ जराशी सरकली.
वहीत लिहिलं : दार उघडे, आर्द्रता एकाहत्तर.

अब्बांकडे वही नव्हती.
तांबाकाट्यामागच्या बोळात भाता, नवसागर,
कथलाची कांडी, कापसाचा बोळा.
तापल्या पातेल्यात हात एकदा गरकन फिरायचा
आणि पितळ आतून चांदणं व्हायचं.
त्यांच्या थराची चाचणी लागायची
गिरगावात, भुलेश्वरात, कुणाच्या तरी ओट्यावर,
सहा महिन्यांनी ताक कळकलं की.
"परकार, कल्हई गेली हो," म्हणत बायका यायच्या
आणि अब्बा खूश.
झिजलं नाही तर आपण खायचं काय?
मला पगार मिळतो तो
झिजत नाही ते शोधायचा.

दोन वाजून सतरा.
एकेचाळीस हजार फेऱ्यांनंतर
पॉइंट एकवरची रेघ उभीच्या उभी पॉइंट सहाला.
ना आवाज बदलला, ना धूर.
थर संपला, एवढंच.

झीज मोजताना सुई आडवी नेतात,
आणि सुरुवात करतात न घासलेल्या भागापासून.
कडेला कोरी जागा उरलीच नसेल
तर मधलं किती गेलं ते सांगता येत नाही.
नव्या पोरांना मी दरवर्षी हे सांगते.
दरवर्षी कोणीतरी कडेपर्यंत घासतंच.

सकाळी तशीच, न झोपता, डोंगरीला.
रेशनच्या दुकानात अब्बांचा अंगठा.
ठसा जुळत नाही.
पुसून. ओला करून. डावा. तर्जनी.
ठसा जुळत नाही.
मागची रांग खोकायला लागली.
"चाचा, तुम्ही तुम्हीच ना?" दुकानदार म्हणाला,
आणि अब्बा हसले, पण उशिरा.
चाळीस वर्षं तापल्या पितळेवर फिरलेला हात.
त्यावरच्या रेघा कुठल्या कुठल्या घरी
ताकाखाली राहून गेलेल्या.

मी तो हात उजेडात धरला,
तिरपा, आम्ही नमुना धरतो तसा.
अंगठा चकचकीत. तर्जनी चकचकीत.
मधलं बोटही.
मग करंगळी,
जी ते पातेल्यात हात फिरवताना
कायम वर उचलून धरायचे
आणि अम्मी म्हणायची,
बघा, नवाब कल्हई करतायत.

"ही लावा," मी म्हटलं.

"करंगळीने कोण अंगठा देतं?" दुकानदार म्हणाला,
पण यंत्र त्याच्याकडे वळवून घेत नाही तोच
हिरवा दिवा लागला.
तांदूळ मिळाला.
साखर संपली होती.